बारा वर्षं वापरल्यावर: जावास्क्रिप्टमधली ‘स्वतःलाच हाक’ मारायची सोय (पाचपैकी साडेतीन)

तारे आधी देऊन टाकते: पाचपैकी साडेतीन. अर्धा तारा कुठे कापला आणि एक अख्खा का गेला, ते पुढे येईलच.

रोजचं काम म्हणाल तर जावास्क्रिप्ट या वेबपानांच्या भाषेत पडदे बनवणं: याद्या, मेनू, फोल्डरांची झाडं. झाड आलं की रिकर्शन आलं. फोल्डरात फोल्डर, त्यात आणखी फोल्डर. मोजणारं फंक्शन, म्हणजे नाव देऊन बांधलेला कोडचा तुकडा, आत उतरतं आणि तेच काम पुन्हा करायला स्वतःलाच बोलावतं. पुस्तकात हे फॅक्टोरियलवर (१ पासून त्या आकड्यापर्यंतच्या गुणाकारावर) शिकवतात आणि ‘आता फंक्शन स्वतःला कॉल करतं’ असं एका ओळीत उरकतात. पण स्वतःला म्हणजे नेमकं कुणाला? फंक्शनला आपलं नाव माहीत असतं का? ते नाव त्याचं स्वतःचं असतं, की बाहेर दारावर लावलेली पाटी असते? पाटी कुणी बदलली तर? हे प्रश्न मला पहिली चार-पाच वर्षं पडलेच नाहीत. पडले तेव्हा दोन दिवस वाया गेले होते.

आधी एक खुलासा. पुढे फंक्शनांना मी देवनागरी नावं देणार आहे आणि ते निव्वळ सोयीसाठी नाही. जावास्क्रिप्टला अशी नावं खरोखर चालतात, काना-मात्रेसकट. फंक्शन, कॉन्स्ट, लेट हे भाषेचे मूळ शब्द तेवढे रोमन लिपीत लिहावे लागतात.

तर एक फंक्शन होतं, ‘मोज’. फोल्डर द्या, आतल्या फाइली मोजून आकडा देतं. पोटफोल्डर दिसला की ‘मोज’ला हाक मारून त्याचा आकडा बेरजेत मिळवतं. सहा ओळींचा कोड, कुणी वाकडं बोट दाखवावं असं त्यात काही नव्हतं. मग दुसऱ्या एका पडद्यासाठी लपलेल्या फाइली, म्हणजे ज्यांचं नाव टिंबाने सुरू होतं त्या, वगळून मोजायचं ठरलं. मी सगळ्यांनी केलं असतं तेच केलं. ‘मोज’ कॉपी केलं, पेस्ट केलं, वर ‘दृश्यमोज’ असं नाव दिलं, टिंबाची अट घातली आणि एका फोल्डरवर चालवून पाहिलं. आकडा बरोबर आला. चहाला उठले.

दोन दिवसांनी तक्रार आली: यादीत दिसतात ४४ फाइली आणि वर आकडा लिहिलाय ४७. मी आधी यादी तपासली, मग आलेला डेटा तपासला, मग ब्राउझरची साठवण पुसली. ‘दृश्यमोज’वर संशयच नव्हता, कारण ते मी ‘तपासलं’ होतं. शेवटी एकेक ओळ थांबवत आत शिरले तेव्हा दिसलं की पहिल्या पातळीवर ‘दृश्यमोज’ चालतंय आणि पोटफोल्डरात उतरलं की कारभार जुन्या ‘मोज’च्या हातात जातोय. वरचं नाव मी बदललं होतं, आतली हाक तशीच राहिली होती. माझ्या चाचणीच्या फोल्डरात पोटफोल्डर नव्हताच. तिन्ही लपलेल्या फाइली दुसऱ्या पातळीवर होत्या.

यात चूक माझी, हे कबूल. पण ज्या वस्तूचं परीक्षण लिहायचंय तिचा स्वभाव यातून कळतो. ‘मोज’ नावाचं दुसरं फंक्शन शेजारीच हयात होतं आणि त्यालाही फोल्डरच लागतं. म्हणून ना एरर, ना इशारा. मी ‘मोज’ काढून टाकलं असतं तर पहिल्या पोटफोल्डरलाच ‘असं काही नाही’ म्हणून कोड कोसळला असता आणि माझे दोन दिवस वाचले असते.

जावास्क्रिप्टमध्ये फंक्शन साध्या घोषणेने लिहिलं की त्याचं नाव बाहेरच्या स्कोपमध्ये, म्हणजे नाव जिथवर दिसतं त्या आवारात, एका व्हेरिएबलसारखं बसतं. आत ते नाव लिहिलं की भाषा दर वेळी बाहेर जाऊन विचारते, सध्या या नावाला कोण ओ देतं? त्या घटकेला जो ओ देईल, त्याला कॉल. फंक्शनचा स्वतःशी असा थेट काही संबंध नसतोच. हे खोटं वाटत असेल तर ‘मोज’ दुसऱ्या एका नावात ठेवा, मूळ ‘मोज’ला नल (रिकामं) करा आणि दुसऱ्या नावाने चालवा. साधा फोल्डर व्यवस्थित मोजला जाईल, पोटफोल्डर आला की ‘हे फंक्शन नाही’ म्हणून टाइपएरर येईल. फंक्शन जिवंत, फक्त स्वतःचा पत्ता हरवलेला.

यावर भाषेतच एक इलाज आहे आणि तो मला इतका आवडला की पुढची दोन वर्षं मी तोच सगळीकडे लावत सुटले. फंक्शन जेव्हा एक्सप्रेशन म्हणून लिहितो, म्हणजे बरोबर चिन्हाच्या उजवीकडे किंवा दुसऱ्या कॉलच्या कंसात, तेव्हा त्याला आपलं खासगी नाव देता येतं. कॉन्स्ट दृश्यमोज बरोबर फंक्शन स्वतः, आणि आत हाक मारायची ती ‘स्वतः’ला. हे नाव फक्त त्या फंक्शनच्या पोटात दिसतं, बाहेर त्याचा मागमूस नसतो. आणि ते बदलता येत नाही. आत ‘स्वतः’ला दुसरं काही द्यायला गेलात तर स्ट्रिक्ट मोडमध्ये (भाषेच्या कडक नियमांच्या पद्धतीत) टाइपएरर मिळतो, एरवी भाषा मुकाट्याने दुर्लक्ष करते. (हे मुकाट्याने दुर्लक्ष करणं जावास्क्रिप्टच्या जुन्या खोडींपैकी एक. अर्धा तारा इथे कापला.) असं फंक्शन कॉपी करा, बाहेरचं नाव हवं ते द्या, आतली हाक आपल्याच घरी जाते.

टायमरसाठी तर याच्याइतकं सोयीचं काही नाही. सेटटाइमआउटला फंक्शन द्यायचं, त्याचं नाव ‘टिक’, आणि शेवटच्या ओळीत पुन्हा सेटटाइमआउट लावून ‘टिक’च द्यायचं. बाहेर एकही नाव सांडत नाही. क्लिक ऐकणारं फंक्शन एकदा चालून स्वतःला काढून टाकतं, तेही याच वाटेने. आता त्यासाठी ऐकण्याच्या पर्यायांत ‘वन्स’ आहे, पण तिसऱ्या क्लिकनंतर निघून जायचं असेल तर खासगी नावच कामाला येतं.

जुनी मंडळी म्हणतील, आमच्या वेळी आर्ग्युमेंट्स डॉट कॅली होतं. होतं. सुरुवातीच्या जावास्क्रिप्टमध्ये एक्सप्रेशनला नाव देताच यायचं नाही, तेव्हा बिननावाच्या फंक्शनला स्वतःपर्यंत पोचायची वाट म्हणून ते आलं. माझ्या पहिल्या वर्षात हाती आलेल्या कोडमध्ये ते जागोजाग होतं आणि मला ते फार हुशारीचं वाटायचं. त्यातली मेख उशिरा कळली. आर्ग्युमेंट्स डॉट कॅली म्हणून हाक मारली की ती आर्ग्युमेंट्सच्या (फंक्शनला दिलेली मूल्यं धरून ठेवणाऱ्या ऑब्जेक्टच्या) एका मेथडला मारलेली हाक ठरते. त्यामुळे आतल्या फेरीत ‘धिस’ (हाक ज्या ऑब्जेक्टवरून आली तो) म्हणजे चक्क आर्ग्युमेंट्स ऑब्जेक्ट. पहिल्या फेरीत एक धिस, दुसरीपासून भलताच. शिवाय फंक्शन स्वतःला असं बघू शकतं म्हटल्यावर इंजिनला ते सुटसुटीत करणंही अवघड जातं. जावास्क्रिप्टच्या प्रमाणाच्या २००९ मधल्या पाचव्या आवृत्तीने स्ट्रिक्ट मोडमध्ये ते बंद केलं. कोड तपासणाऱ्या एसलिंटमध्ये त्याला पकडणारा ‘नो-कॉलर’ नावाचा नियमही आहे. गेलं ते बरं झालं.

मग सगळ्यांनी लगेच खासगी नावं का नाही वापरली? कारण आठव्या आवृत्तीपर्यंतचा इंटरनेट एक्सप्लोरर. त्यात हे खासगी नाव बाहेर सांडायचं, आणि वर कहर म्हणजे एकाऐवजी दोन वेगवेगळी फंक्शनं तयार व्हायची, एक आतल्या नावाचं आणि एक बाहेरच्या. ज्यांनी तो काळ काढला त्यांच्या बोटांना अजून सवय आहे, नाव दिसलं की खोडायची. मी तशा एका ज्येष्ठाकडून शिकले आणि तो का खोडतो हे विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

२०१५ मध्ये बाणवाली फंक्शनं (बाणाच्या चिन्हाने लिहायची आखूड फंक्शनं) आली आणि ही सोय एक पाऊल मागे गेली. बाणाला स्वतःचं आर्ग्युमेंट्स नाही आणि खासगी नावही देता येत नाही. कॉन्स्ट मोज बरोबर बाण असं लिहायचं आणि आत ‘मोज’ म्हणायचं, बस. कॉन्स्ट असल्यामुळे पाटी कुणी बदलू शकत नाही, त्यामुळे निम्मा धोका जातो. कॉपी-पेस्टचा धोका मात्र तसाच. नवशिके इथे आणखी एका खड्ड्यात पडतात: बाण कंसात घालून जागच्या जागी चालवतात आणि आत त्याच कॉन्स्टला हाक मारतात. त्या क्षणी कॉन्स्टमध्ये अजून काही पडलेलंच नसतं, आणि पडणार असतं तेही उत्तर, फंक्शन नव्हे. रेफरन्सएरर येतो आणि पोरं म्हणतात, ‘ताई, नाव तर समोर दिसतंय!’

नाव दिसण्याचा घोळ निराळाच आहे. आता बिननावाचं फंक्शनही कॉन्स्टमध्ये ठेवलं की भाषा त्याच्या ‘नेम’ या गुणधर्मात ते नाव आपणहून भरते. कन्सोलमध्ये फंक्शन छापलं तर ‘मोज’ असं झळकतं. वाटतं, अरे वा, याला नाव आहे! पण ते शर्टावर टाचलेलं कार्ड आहे. त्याने आतून हाक मारता येत नाही. एरर कुठे आला ते वाचताना या कार्डाचा उपयोग होतो, त्यापलीकडे ते फक्त गोंधळ वाढवतं.

आता त्या कापलेल्या अख्ख्या ताऱ्याकडे. खासगी नावाच्या प्रेमात असताना माझ्याकडे एक हिशेबाचं फंक्शन होतं. खरा कोड सांगत बसत नाही, त्याचा सांगाडा जिन्याच्या कोड्यासारखा होता: एका वेळी एक किंवा दोन पायऱ्या चढता येतात, तर ३० पायऱ्या किती प्रकारे चढता येतील? ‘जिना’ला ३० दिले की ते २९ आणि २८ साठी स्वतःला विचारतं आणि बेरीज देतं. पायऱ्या दोनपेक्षा कमी उरल्या की उत्तर एक. लिहायला गोड, चालायला जड. उत्तर १३,४६,२६९ येतं आणि तिथवर पोचायला फंक्शन २६,९२,५३७ वेळा चालतं, कारण तेच तेच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात.

उपाय सर्वांना ठाऊक आहे: उत्तरं लिहून ठेवायची. माझ्याकडे ‘आठव’ नावाचं फंक्शन होतंच. कुठलंही फंक्शन त्याला द्या, ते त्याभोवती वही घेऊन बसतं. आधी विचारलेला आकडा आला तर वहीतून उत्तर देतं. मी ‘जिना’ला ‘आठव’मध्ये गुंडाळलं आणि पुन्हा ‘जिना’तच ठेवलं. वेळ मोजली. काडीचा फरक नाही! दुसऱ्यांदा ३० विचारलं तर उत्तर चुटकीसरशी. पहिल्यांदा मात्र तितकाच उशीर, आणि वहीत पाहिलं तर एकच नोंद, ३० ची.

का, ते एव्हाना तुमच्या लक्षात आलं असेल. ‘जिना’च्या आतली हाक ‘स्वतः’ला होती, बदलता न येणाऱ्या त्या खासगी नावाला. वही घेऊन बसलेला ‘आठव’ दारात उभा आणि घरातली माणसं मागच्या अंगणातून एकमेकांकडे ये-जा करतायत. त्याला कुणी विचारतच नाही. आतली हाक ‘जिना’ला केली, म्हणजे बाहेरच्या पाटीला, आणि सगळी वाहतूक दारातून जाऊ लागली. ३० साठी एकूण ५९ हाका, त्यातही खरं काम ३१ वेळाच. बाकी उत्तरं वहीतून.

म्हणजे ज्या गुणाने मला फाइलींच्या गोंधळातून सोडवलं, त्यानेच इथे पाय ओढला. कधी फंक्शनला म्हणायचं असतं, ‘मीच, दुसरं कुणी नाही.’ कधी म्हणायचं असतं, ‘माझ्या जागी सध्या जो बसलाय तो.’ दोन्ही गरजा खऱ्या आहेत. जावास्क्रिप्ट दोन्ही पुरवते, याचं श्रेय तिला द्यायला हवं. पण दोन्हींचं रूप इतकं सारखं आहे की हाकेची ओळ बघून कुठली हाक ते सांगता येत नाही. डोळे वर नेऊन फंक्शन कसं जन्माला आलं ते वाचावं लागतं. एक तारा गेला तो यासाठी.

शेजारच्या दुकानांतही, म्हणजे दुसऱ्या भाषांत, डोकावून आले. पायथनमध्ये खासगी नाव हा प्रकारच नाही. ‘डेफ’ या शब्दाने फंक्शन लिहिलं की नाव बाहेर बसतं आणि आतली हाक बाहेर जाऊनच शोधते. त्यामुळे वर एलआरयू-कॅशेचं डेकोरेटर (फंक्शनच्या डोक्यावर लिहायचं तयार ‘आठव’) ठेवलं की माझा जिन्याचा प्रश्न आपोआप सुटतो, आणि कॉपी-पेस्टचा प्रश्न जसाच्या तसा राहतो. चालू फंक्शनला स्वतःकडे बोट दाखवता यावं म्हणून २००७ मध्ये तिथे एक प्रस्ताव आला होता, पेप ३१३०. फेटाळला गेला. पर्लने उलट केलं: २०१२ च्या ५.१६ आवृत्तीत एक खास शब्दच दिला, दोन्ही बाजूंना दोन-दोन अधोरेषा आणि मध्ये ‘सब’. अर्थ, ‘आत्ता चालू असलेलं हे फंक्शन’. पर्लला त्याची गरजही जास्त होती. बिननावाचं फंक्शन ज्या व्हेरिएबलमध्ये ठेवलंय, त्यातूनच त्याने स्वतःला धरून ठेवलं की संदर्भांची मोजणी कधी शून्यावर येत नाही आणि मेमरी अडकून पडते. हा शब्द वापरला की ते टळतं. हाकेची ओळ वाचूनच कळतं की ही हाक कुणाला आहे. जावास्क्रिप्टमध्ये असं काही असतं तर वरचा तारा मी परत केला असता.

मनापासून हेवा वाटला तो ओकॅमलचा. तिथे नुसतं ‘लेट’ लिहिलं आणि आत तेच नाव वापरलं तर ते आधीच्या, जुन्या माणसाला जातं. स्वतःला हाक मारायची असेल तर ‘लेट रेक’ असं ठणकावून लिहायचं. माझं ‘दृश्यमोज’ तिथेही फसलंच असतं, नाव शेवटी नाव आहे. पण ‘रेक’ लिहिताना हात थबकला असता आणि नजर आतल्या हाकेकडे गेली असती. फोर्थची रीतही तशीच आहे. व्याख्या पुरी होईपर्यंत नवं नाव झाकलेलं असतं, आत ते लिहिलं तर त्याच नावाची जुनी व्याख्या लागते. स्वतःसाठी ‘रिकर्स’ हा वेगळा शब्द. आणि फोरट्रानमध्ये तर १९९० च्या आवृत्तीपासून ‘रिकर्सिव्ह’ असं आगाऊ सांगावं लागायचं. २०१८ च्या प्रमाणात ती सक्ती गेली.

वाय कॉम्बिनेटरबद्दल कुणी विचारेल म्हणून: हो, नावाशिवायही जमतं. फंक्शनला त्याचंच फंक्शन पहिला पॅरामीटर म्हणून द्यायचं, म्हणजे हाक मारायला नाव लागत नाही, हातातली वस्तू लागते. एकदा संध्याकाळी बसून हाताने सोडवून बघा, मजा येते. मूळ रूप जावास्क्रिप्टमध्ये तसंच उतरवलं तर ते स्वतःला उलगडतच बसतं आणि स्टॅक (अर्धवट राहिलेल्या हाकांची चळत) भरतो, म्हणून मध्ये आणखी एक फंक्शन घालावं लागतं. कामाच्या कोडमध्ये मला हे दिसलं तर मी परत पाठवते.

क्लासच्या मेथडमध्ये धिस डॉट मोज अशी हाक मारतो, तो पाटीचाच प्रकार, फक्त पाटी ऑब्जेक्टवर. वारसदार क्लासने ‘मोज’ बदललं तर आतल्या हाका बदललेल्याकडे जातात. बहुतेक वेळा हवं असतं ते हेच. मात्र पोटफोल्डरांच्या यादीवर मॅप (प्रत्येक नगावर फंक्शन चालवणारी मेथड) लावून त्याला नुसतं धिस डॉट मोज दिलं तर धिस वाटेतच गळून पडतं आणि टाइपएरर येतो. मध्ये एक बाण घाला.

आणि खोली. नोडमध्ये (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये) साध्या फंक्शनला दहा हजारांच्या आसपास पायऱ्या उतरता येतात, मग स्टॅक संपल्याचा रेंजएरर. फोल्डरांना हे पुरून उरतं. एकमेकांना जोडलेल्या नोंदींची लांबलचक साखळी आली तर नाही पुरत. २०१५ च्या प्रमाणात, हाक ही फंक्शनची शेवटचीच कृती असेल तर तिने स्टॅक वाढू नये असं लिहिलेलं आहे, पण ब्राउझरांत ते पाळलं सफारीच्या इंजिनने. क्रोम-फायरफॉक्सच्या भरवशावर राहू नका. क्लोजर नावाच्या भाषेतला ‘रिकर’ हा स्वतःला हाक मारायचा शब्द इथे प्रामाणिक आहे: शेवटच्या जागी नसेल तर कंपाइलच होत नाही. साखळी असेल तर मी सरळ लूप लिहिते.

सध्या माझी रीत अशी: टायमर आणि ऐकणारी फंक्शनं यांना खासगी नाव. ज्याच्याभोवती कधीतरी वही, नोंदवही किंवा मोजमाप लागेल असं वाटतं, त्याला कॉन्स्ट आणि बाहेरची हाक; गुंडाळणं त्याच ओळीत, म्हणजे कॉन्स्ट जिना बरोबर ‘आठव’ आणि त्याच्या कंसात बाण. एसलिंटच्या ज्या नियमाने कॉलबॅक फंक्शनांचे बाण करायला लावले जातात, तो स्वतःच्या नावाने हाक मारणाऱ्या फंक्शनला सोडून देतो. ते मला फार बरं वाटलं. कुणीतरी विचार केलाय.

गेल्या आठवड्यात पुन्हा ‘मोज’ कॉपी करायची वेळ आली, या वेळी फक्त चित्रं मोजायला. वरचं नाव बदललं आणि आत शोधलं. दोन हाका निघाल्या, आणि एक उल्लेख माझ्याच जुन्या कॉमेंटमध्ये: ‘इथे मोज स्वतःला बोलावतं.’ तोही बदलला. मग चाचणीचा फोल्डर उघडला आणि त्यात एक पोटफोल्डर केला.